सहाच्या आतलं लेकरू

भारतात मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळतो तो सहा वर्षं पूर्ण झाल्यावर. पाच वर्षं अकरा महिन्यांच्या लेकराला तो नसतो.

परवा गावातल्या पालकांच्या बैठकीत मी हे सांगितलं, तर मागे बसलेला एक तरुण बाप म्हणाला, "मंग तवर ते कुणाचं असतंय बाई?" सगळे हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बैठकीत उत्तर द्यायला वेळ नव्हता, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांबलीय. ज्यांच्या घरात किंवा शेजारी अंगणवाडीच्या वयाचं लेकरू आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर नोकरी केली. बहुतेक वर्षं माझ्याकडे पहिलीचा वर्ग होता. पहिली फारशी कोणाला नको असते. रडणं, नाक पुसणं, पळून गेलेलं पोरगं शोधून आणणं, हे सगळं तिच्यात येतं. मला मात्र तो वर्ग आवडायचा आणि मी तो मागून घ्यायची.

पहिलीच्या बाईला एक गोष्ट दिसते, ती वरच्या वर्गांच्या गुरुजींना सहसा दिसत नाही. जूनमध्ये शाळा उघडली की नवीन लेकराला अक्षरं येतात का, हे मी बघतच नसे. ते शिकवायला मी होतेच. मी बघायची ते हे, की शू लागली तर हे लेकरू सांगतं का?

हसू नका. दरवर्षी पाच-सहा लेकरं अशी असायची की जागेवरच सगळं होऊन जायचं, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. शेजारचं पोरगं ओरडायचं तेव्हा मला कळायचं. आणि काही लेकरं सरळ उठून दाराशी जायची, "बाई, जाऊन येते" म्हणायची आणि चालायला लागायची. आमच्या शाळेत दोन अंगणवाड्यांमधून मुलं यायची, एक गावठाणातली आणि एक तांड्यावरची. काही वर्षांनी माझ्या लक्षात आलं, की "जाऊन येते" म्हणणारी लेकरं बहुतेक तांड्यावरची असतात. म्हणजे ज्यांच्या घरात पुस्तक नाही, ज्यांची मराठी अजून अडखळते, ज्यांचे आईबाप सहा महिने उसाच्या फडात असतात, ती पोरं धीट आणि गावातली पोरं गप्प. हे उलटं कसं झालं?

आमची शाळा शनिवारी सकाळची असायची. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी मुद्दाम तांड्यावरच्या अंगणवाडीत गेले. वर पत्रा, एकच खोली, वीस-बावीस लेकरं. शौचालय नव्हतं. पण मागच्या बाजूला ताईंनी जुन्या साड्यांचा आडोसा केला होता आणि लेकराच्या हाताला येईल अशा उंचीवर पाण्याची बादली ठेवली होती. मगाला दोरी बांधलेली. मी बसले तेवढ्या वेळात तीन पोरं उठून तिकडे गेली. कोणीच परवानगी मागितली नाही. जाताना ताईंना सांगून गेली, एवढंच.

मी विचारलं, "विचारत नाहीत का?"

ताई म्हणाल्या, "सांगून जायचं बाई, विचारून कशाला? लागली ती त्याला लागली, मी कोण नाही म्हणणारी?"

मी बीएड झालेली बाई. एवढ्या सोप्या शब्दांत ही गोष्ट मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितली नव्हती.

त्या दिवशी वजन घ्यायचं होतं. झोळीचा काटा टांगलेला. त्यात बसायला लहान मुलं घाबरतात हे तुम्हालाही माहीत आहे. बऱ्याच ठिकाणी एक जण पाय धरतो, दुसरा हात धरतो आणि किंचाळणारं लेकरू झोळीत कोंबलं जातं. इथे ताई प्रत्येकाला विचारत होत्या, "बसवू का?" एका पोरीने मान हलवून नाही म्हटलं. "बरं, दुसऱ्याचं बघ," म्हणून ताईंनी पुढचं लेकरू घेतलं. चार जणांचं झाल्यावर ती पोरगी आपणहून काट्याखाली येऊन उभी राहिली. वजन झालं, रजिस्टर भरलं गेलं, सरकारचं काही अडलं नाही.

नवीन आलेलं एक बारकं "याडी, याडी" करत रडत होतं. गोरमाटीत याडी म्हणजे आई. ताईंनी त्याला "मराठीत बोल" म्हटलं नाही. "तुझी याडी दुपारी येणार" असं निम्मं त्याच्या बोलीत, निम्मं मराठीत समजावलं. ताई स्वतः तांड्यावरच्या नव्हत्या. कामापुरती बोली शिकून घेतली होती. आणि एकही लेकरू तिथे काळ्या, लंगड्या, शेंबड्या नव्हतं. प्रत्येकाला नाव होतं.

मानवी हक्क म्हटलं की आपल्याला कोर्ट आठवतं, मोर्चा आठवतो. पण मी जे पाहिलं त्यालाही हेच नाव आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार मंजूर केला. भारताने तो ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्य केला. त्याच्या बाराव्या कलमात मुलाला स्वतःशी संबंधित गोष्टींत मत मांडण्याचा हक्क आहे आणि एकतिसाव्या कलमात खेळण्याचा व विश्रांतीचा. कोणी म्हणेल, हे मोठ्या मुलांसाठी असणार, बोलता न येणाऱ्याचं कसलं मत? हाच प्रश्न पुढे आला म्हणून त्या कराराच्या समितीने २००५ साली खास लहानग्यांसाठी वेगळं स्पष्टीकरण काढलं. आठ वर्षांखालची मुलंसुद्धा पूर्ण हक्कदार आहेत आणि शब्द येण्याआधी मूल रडून, हसून, मान हलवून जे सांगतं ते सांगणंच आहे, असा त्याचा मथितार्थ. आमच्या ताईंनी तो कागद कधी पाहिला नसेल. मान हलवणारी पोरगी त्यांना दिसली, हे पुरेसं होतं.

आता दुसरी बाजू, कारण सगळं गोड नाही.

गावठाणातल्या अंगणवाडीत एके वर्षी नवीन मदतनीस आल्या. त्या खालच्या आळीच्या, दलित वस्तीतल्या. शिजवायचं आणि वाढायचं काम त्यांचं. पंधरा दिवसांत काही घरची लेकरं खिचडीच्या आधी घरी जायला लागली. कोणाचं पोट दुखतंय, कोणाला पाहुणे आलेत. मग काही माणसं सेविकांकडे आली. म्हणाली, आमचं काही म्हणणं नाही, पण बायामाणसं ऐकत नाहीत, मदतनीस बदलून घ्या.

सेविका वाद घालत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "लेखी द्या. काय कारणाने बदलायची ते लिहा, खाली सही करा. मी वर पाठवते."

कोणी लिहून दिलं नाही. कसं देणार? अस्पृश्यता राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने संपवली आहे, हे सही करताना प्रत्येकाला आठवतं. महिना-दीड महिन्यात बहुतेक लेकरं परत पंगतीला बसली. शेजारचं पोरगं गरम खिचडी खातंय म्हटल्यावर तीन वर्षांचं लेकरू किती दिवस दम धरणार? दोन घरची मात्र शेवटपर्यंत आली नाहीत. ती पुढे व्हॅनमध्ये बसून तालुक्याच्या इंग्रजी नर्सरीत गेली.

तीन वर्षांच्या मुलाला जात माहीत नसते. कोणाच्या हातचं खायचं नाही, हे त्याला कोणीतरी एका विशिष्ट दिवशी शिकवतं. बहुतेक वेळा ते वय अंगणवाडीचंच असतं, कारण परक्याच्या हातचं रोज खायची पहिली वेळ तीच. त्या खोलीत त्या दिवशी दोनपैकी एक धडा होणारच. समतेचा धडा वरच्या वर्गात नागरिकशास्त्रात येतो, तोपर्यंत पोराने दुसरा पाठ करून बरीच वर्षं झालेली असतात.

म्हणून सहाच्या आतलं वय महत्त्वाचं. आता त्या तरुण बापाच्या प्रश्नाकडे येते, की तोवर ते कुणाचं असतं? कायद्याची गोष्ट थोडी किचकट आहे, पण सोपी करून सांगते.

मूळ राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात लिहिलं होतं, की घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा सरकारने प्रयत्न करावा. चौदापर्यंत, एवढंच. कुठून सुरू, याची खालची रेघ नव्हती. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत यावर चर्चा झाली, तेव्हा 'शिक्षण' या शब्दाऐवजी 'प्राथमिक शिक्षण' म्हणावं अशी सूचना आली होती. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. त्यांचं म्हणणं असं, की चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला आपण घटनेतच मनाई करतोय, मग ते मूल कामावर नसेल तर शिक्षणाच्या ठिकाणी असलंच पाहिजे.

१९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क आहे. तिथेही खालची रेघ नव्हती. ती रेघ आली २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने. हक्क मिळाला सहा ते चौदा या वयाला. सहाच्या खालच्यांसाठी ४५ वं कलम नव्याने लिहिलं गेलं. त्यांच्या संगोपनाचा आणि शिक्षणाचा सरकार 'प्रयत्न करील'.

मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात 'बालक' म्हणजे सहा ते चौदा वयाचं मूल. मुलाला मारायचं नाही, मानसिक त्रास द्यायचा नाही, हे सतरावं कलम या बालकासाठी. अकराव्या कलमात तीन वर्षांवरच्या मुलांच्या पूर्वशिक्षणाची सोय आहे, पण तिथे शब्द आहे सरकार ती व्यवस्था 'करू शकेल'. 'करील' नाही. ज्यांनी सरकारी कागद वाचलेत त्यांना या दोन शब्दांतलं अंतर सांगायला नको. लहानग्यांवर क्रूरता झाली तर बाल न्याय कायदा आहे, पोक्सो आहे. पण ते घडून गेल्यावरचं. रोजच्या साध्या वागणुकीचा हक्क सहाच्या आतल्याला कायद्याने नीट दिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत स्तर मानला आणि २०३० पर्यंत सगळ्या लहान मुलांपर्यंत पूर्वशिक्षण न्यायचं ठरवलं. चांगलंच आहे. पण धोरण हा हक्क नव्हे. धोरण पाळलं नाही म्हणून आपण कोर्टात उभे राहू शकत नाही.

या रेघेने काय होतं, हे आमच्या भागात दिवाळीनंतर दिसतं.

माझ्या हाताखालून गेलेली एक पोरगी तिसरीत होती. वाचनात एवढी हुशार की पाठ मी तिलाच वाचायला लावायची. तिचे आईबाप कोयत्यावर जाणारे. आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. उचल घेतलेली, टोळी निघायची वेळ आलेली. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय होती, आजी गावात होती. पोरीला ठेवून जा, म्हणून मी घरी जाऊन बसले. तिची आई हातातलं काम न थांबवता म्हणाली, "ठिवते बाई. पर फडात बारक्याला कोण बघंल?"

बारका अडीच वर्षांचा. पहाटे थंडीत फडावर जायचं, उसाच्या पाचटात बसायचं, शेजारून ट्रॅक्टर-बैलगाड्या जाणार. आईच्या हातात कोयता. बारक्याला बघायला माणूस लागणार, आणि ते माणूस म्हणजे नऊ वर्षांची बहीण. माझ्याकडे उत्तर नव्हतं. वसतिगृह शाळेच्या वयाला होतं. बारक्यासाठी फडावर पाळणाघर नव्हतं. अंगणवाडीत त्याचं नाव होतं, पण ती इथे, गावात. आता स्थलांतर झालं की अ‍ॅपवर नाव दुसऱ्या गावच्या अंगणवाडीत हलवता येतं. नाव हलतं. पण फडापासून ती अंगणवाडी किती लांब आणि तिथे लेकराला नेणार कोण, हे अ‍ॅपला विचारता येत नाही.

पोरगी गेली. उन्हाळ्याच्या तोंडावर परत आली तेव्हा जोडाक्षराला अडखळत होती.

बघा, काय झालं ते. त्या पोरीचा मूलभूत हक्क कागदावर शाबूत होता. सहा ते चौदात बसत होती ती. पण तिच्या भावाला हक्क नव्हता, म्हणून तिचा वापरता आला नाही. अडीच वर्षांच्या मुलाचा न मिळालेला हक्क नऊ वर्षांच्या मुलीच्या शाळेतून वळता करून घेतला गेला. आणि अशा घरात मागे राहते ती बहुतेक वेळा मुलगीच. म्हणून 'सहाच्या आतल्यांचं नंतर बघू' असं म्हणताच येत नाही. त्यांचं बघितलं नाही तर मोठ्यांचंही होत नाही.

ही गोष्ट कोणाला पूर्वी कळलीच नव्हती असं नाही. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलेलं, पुस्तकं लिहिलेली. शहरात मान होता. बोर्डीला आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, कारण त्यांना घरची कामं होती आणि काखेत धाकटं भावंडं होतं. तेव्हा ताराबाई म्हणाल्या नाहीत की पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही. बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र केली, तिला विकासवाडी म्हणत. ताईने धाकट्याला घेऊन यायचं, धाकटं पाळण्यात, ताई वर्गात. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. गुरं सोडून या, असं सांगितलं नाही.

त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य. स्वतःचं बालपण असं हिरावून घेतलं गेलेल्या बाईने १९४५ ते १९९२, मरेपर्यंत, दुसऱ्यांच्या लेकरांचं बालपण सांभाळलं. सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू केली, तेव्हा केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. आज एकट्या महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. नाव सगळीकडे गेलं. लेकरू येऊ शकत नसेल तर आपण त्याच्यापर्यंत जायचं, हा त्या नावातला अर्थ मात्र उसाच्या फडापर्यंत अजून नीट पोचलेला नाही.

मी हे बोलते तेव्हा हमखास एक आक्षेप येतो. "बाई, लेकरांना एवढे हक्क दिले तर डोक्यावर बसतील. शिस्त नको का?"

शिस्त पाहिजेच. तांड्यावरच्या अंगणवाडीत होती की शिस्त. चपला रांगेत होत्या. हात धुतल्याशिवाय कोणी पंगतीला बसत नव्हतं. सांगितल्याशिवाय बाहेर कोणी जात नव्हतं. फरक एवढाच, की शिस्त भीतीवर उभी नव्हती. नियम लेकरांना समजत होता, म्हणून ती पाळत होती.

आणि गप्प बसणं म्हणजे शिस्त, असं ज्यांना वाटतं त्यांनी थोडा विचार करावा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला बालवाडीच्या वयाच्या दोन मुलींवर शाळेत अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यानंतर सगळीकडे चांगला स्पर्श, वाईट स्पर्श शिकवायची मोहीम निघाली. निघायलाच हवी. पण ज्या लेकराला दिवसभर 'मोठ्यांचं ऐकायचं', 'उलट बोलायचं नाही', 'पाहुण्यांना पापी दे' असं सांगितलं जातं, ते एका तक्त्यावरून नाही म्हणायला कसं शिकेल? नाही म्हणायची सवय वजनकाट्याखाली लागते, ताटात नको असलेल्या घासाला लागते. आणि 'नाही' म्हटल्यावर मोठं माणूस थांबतं, हा अनुभव त्याच्या गाठीला असला, तरच ते घरी येऊन काही वेगळं घडलेलं सांगतं.

हे व्हॅनमध्ये बसून नर्सरीला जाणाऱ्या लेकरांच्या आईबापांनीही ऐकावं. तीन वर्षांच्या पोराला चार तास बाकावर बसवून ए टू झेड गिरवायला लावणं, फी राहिली म्हणून त्याला बाजूला बसवणं, मराठीत बोललं म्हणून सगळ्यांसमोर टोकणं, हे सगळं आपण पैसे देऊन विकत घेतो. तिथे रंगीत भिंती आणि टाय असतो म्हणून आपण विचारत नाही. विचारा. खेळायला वेळ किती? रडलं तर कोण जवळ घेतं? शू लागली तर सांगून जायचं की विचारून?

शेवटचा मुद्दा ताईंचा. ज्या बाईला स्वतःला मान नाही, ती वीस लेकरांना मान कुठून देणार? अंगणवाडी सेविकेला आजही पगार नाही, 'मानधन' मिळतं. शब्दात मान आहे, पण हातात कमी. वजनं, लसीकरणाच्या याद्या, गरोदर बायकांच्या भेटी, मोबाईलवरची नोंदणी, कोणताही सर्व्हे आला की आधी अंगणवाडीताई. यातून उरलेल्या वेळात शिक्षण. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात सांगितलं, की सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत आणि त्यांचं मानधन हे त्या कायद्यापुरतं वेतनच आहे. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात आपल्या राज्यातल्या ताई संपावर होत्या. तेव्हा गावात बरेच जण म्हणाले, लेकरांचे हाल होतात. खरं होतं. पण ज्यांच्या न येण्याने एवढे हाल होतात त्यांना सरकारी नोकर मानायला आपण तयार नाही, हेही तेवढंच खरं. साडीचा आडोसा करणाऱ्या त्या ताई निवृत्त होईपर्यंत स्वतः कुठे जात होत्या, हा प्रश्न त्यांना कोणा अधिकाऱ्याने विचारल्याचं मी ऐकलं नाही.

तर त्या तरुण बापाला माझं उत्तर असं. सहा वर्षांपर्यंत लेकरू कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ तुझ्या एकट्याचं असतं, आणि तिथेच चूक आहे. ते गावाचं असायला हवं, सरकारचं असायला हवं आणि सगळ्यात आधी ते स्वतःचं असायला हवं. घटनेतली रेघ आपण गावात बसून पुसू शकत नाही. ती मागणी आमदार-खासदारांकडे करत राहायची. पण खालच्या गोष्टी गावाच्या हातातल्या आहेत.

१. अंगणवाडीला दार असलेलं शौचालय आणि लेकराच्या हाताला येईल असं पाणी आहे का? ताईंसाठी आहे का?

२. पंगत एकच बसते का? कोणी वेगळं बसतं का, कोणी खायच्या आधी घरी जातं का?

३. तांड्यावरच्या, वस्तीवरच्या, पारधी पालावरच्या लेकरांची नावं फक्त रजिस्टरला आहेत की ती येतात? त्यांच्या बोलीत दोन शब्द बोलणारं कोणी आहे का?

४. टोळ्या जाण्याआधी सहाच्या आतली किती लेकरं बरोबर जाणार, याची यादी ग्रामपंचायतीने केली आहे का? ती मुकादमाकडे, कारखान्याकडे आणि तिकडच्या प्रकल्प कार्यालयाकडे लेखी पाठवली आहे का? फडाजवळ पाळणाघराची मागणी केली आहे का?

५. ताईंवर बिगर-अंगणवाडीची कामं किती टाकली आहेत?

हे पाच प्रश्न ग्रामसभेत विचारायला वकील लागत नाही. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. अंगणवाड्या सुरू झाल्या तीच तारीख, आणि टोळ्या निघायला तेव्हा थोडेच दिवस राहिलेले असतात. नोटीस लागली की विषयपत्रिकेत अंगणवाडी आहे का ते बघा. नसेल तर आधीच अर्ज देऊन विषय घालून घ्या, आणि पोच घ्यायला विसरू नका. अर्जाचा मसुदा कोणाला हवा असेल तर मला सांगा. हाताने लिहून देईन. पहिलीच्या बाईचं अक्षर आहे, ग्रामसेवकाला वाचता येईल.